कागद समोर ठेवा, मग विचारा: वकिली ऑफिसात एआय

प्रश्न असा आहे. सोलापुरात तीन वकिलांचं ऑफिस आहे, हाताशी एक कारकून आणि एक टायपिस्ट. निम्मं काम दिवाणी आणि जमिनीचं, उरलेलं चेक बाउन्स आणि थोडं फौजदारी. शिवाय एका पतसंस्थेचं आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराचं कायदेशीर काम. एआय कुठून सुरू करावं, काय जपावं, पैसे किती घालावेत?

एका वाक्यात सांगायचं तर एआयच्या आठवणीवर भिस्त ठेवू नका. तुमच्या फाइलीतले कागद त्याच्यासमोर ठेवा आणि त्या कागदांपुरतंच विचारा. बहुतेक ऑफिसं नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिला प्रश्न असतो, 'या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे पाच निवाडे दे.' चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांचं मूळ काम पुढचा शब्द कोणता असावा हे ठरवण्याचं. निवाड्याच्या उल्लेखाचा साचा ठरलेला असतो: दोन नावं, वर्ष, खंड, पान. तो साचा ते बिनचूक भरतं, निवाडा असो वा नसो.

न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका या दाव्यात असे सहा बनावट निवाडे सादर झाले आणि ५,००० डॉलर दंड बसला. आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ मधला एक आदेश अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांमुळे मागे घ्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द करून फेरनिर्णयासाठी परत पाठवला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे मुळात नव्हतेच. म्हणजे ही चूक फक्त नवख्या वकिलाकडून होते असं नाही, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनही होते.

'आम्ही खास कायद्यासाठीचं सॉफ्टवेअर घेतलंय' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतली नावाजलेली कायदेविषयक एआय साधनं तपासली, तेव्हा साधनानुसार १७ ते ३३ टक्के उत्तरांमध्ये चूक किंवा खोटा आधार सापडला. खास डेटाबेसवर चालणाऱ्या साधनात निवाडा बहुधा खरा असतो. चूक असते त्यातून काढलेल्या निष्कर्षात. माझ्या मते ही चूक जास्त घातक. बनावट निवाडा शोधल्यावर मिळत नाही, त्यामुळे पाच मिनिटांत उघडा पडतो. निवाडा खरा, परिच्छेद क्रमांक खरा, पण ते वाक्य न्यायालयाचं नसून अपीलकर्त्याच्या युक्तिवादाची नोंद आहे, हे मात्र कोणी उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. समोरचे वकील नेमकं तेच उघडून वाचतात.

यात भर पडली ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांची. एआयने वाचलेला भारतीय कायद्याचा बहुतांश मजकूर जुन्या कलमांचा आहे. सर्वांत वाईट सापळा ४८२ चा. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. 'कलम ४८२ खाली अर्ज तयार कर' एवढंच लिहिलंत तर अर्धा मजकूर एफआयआर रद्द करण्याचा आणि अर्धा जामिनाचा असा अर्ज हातात पडू शकतो. शिवाय गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात. तेव्हा प्रत्येक सूचनेत गुन्ह्याची तारीख आणि कायद्याचं पूर्ण नाव लिहायचं, आणि त्या कलमाचा मजकूर स्वतः चिकटवायचा.

चेक बाउन्समध्येही हेच होतं. कार्यक्षेत्र विचारलं की एआय पुष्कळदा दशरथ रूपसिंग राठोड (२०१४) या निवाड्याकडे धावतं आणि चेक देणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी तक्रार करायला सांगतं. निवाडा खरा आहे, पण २०१५ च्या दुरुस्तीने ती स्थिती बदलली. चेक खात्यात वसुलीसाठी भरला असेल तर ज्या शाखेत तक्रारदाराचं खातं, तिथलं न्यायालय. चादरी सुरतेच्या व्यापाऱ्याला विकल्या आणि खातं सोलापुरातल्या शाखेत असेल, तर तक्रार सोलापुरातच होते. एआयचं ऐकून सुरतेला गेलात तर तक्रार परत मिळेल आणि मधले दिवस वाया जातील.

म्हणून निवाड्यांसाठी नियम एकच ठेवा. एआयने सुचवलेला निवाडा ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचं संकेतस्थळ), उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ किंवा तुमच्याकडचा वर्गणीचा डेटाबेस यांत उघडायचा. न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला निवाड्याचा क्रमांक, जुळवायचं, उद्धृत परिच्छेद शोधायचा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचायचा, पुढे तो निवाडा फिरवला गेला का ते पाहायचं. हे ज्याने केलं त्याने प्रतीवर सही आणि तारीख टाकायची. 'सगळ्यांनी बघा' असं सांगितलं की कोणीच बघत नाही. नाव ठरलेलं हवं.

आता जिथे ते खरोखर उपयोगी पडतं तिकडे येऊ. पहिलं काम तारखांच्या यादीचं. दहा वर्षं चाललेल्या वाटपाच्या दाव्यात वादपत्र, कैफियत, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, रोजनामे, फेरफार, खरेदीखतं अशी तीनशे पानं साचतात. ती वाचून घटनाक्रम लावायला ज्युनिअरला दोन दिवस लागतात. एआय पहिला मसुदा काही मिनिटांत देतं, पण सूचना नीट हवी. साधारण अशी: 'फक्त सोबतच्या कागदांवरून तारीखवार तक्ता कर. रकाने: तारीख, घटना, कागदाचं नाव, पान क्रमांक, मूळ शब्द जसेच्या तसे. कागदात नसेल तिथे "आढळलं नाही" लिही. दोन कागदांत तारीख वेगळी असेल तर दोन्ही दाखव, बरोबर कोणती ते तू ठरवू नकोस.' यातला मूळ शब्दांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तपासणारा ते शब्द पीडीएफमध्ये शोधतो. सापडले नाहीत तर ती ओळ कापतो. तो रकाना नसेल तर तपासणी म्हणजे तीनशे पानं पुन्हा वाचणं.

तीनशे पानं एकदम टाकू नका. देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो, आणि लांब फाइलीत मधल्या पानांकडे दुर्लक्ष होतं. चाळीस-पन्नास पानांचे गठ्ठे करा, प्रत्येकाचा वेगळा तक्ता घ्या, मग तक्ते एक्सेलमध्ये जोडा.

त्याआधी एक चाचणी न चुकता करा. आपल्या टायपिस्टांकडची जुनी कामं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. अशी पीडीएफ पडद्यावर अस्सल मराठी दिसते, पण आतला मजकूर रोमन अक्षरांची खिचडी असतो. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर ठीक. खिचडी आली तर ती फाइल तशीच देऊ नका. एआय खिचडीतूनही अर्थ 'लावतं' आणि तो अर्थ अत्यंत गुळगुळीत मराठीत असतो. अशा फाइलीची ३०० डीपीआयवर प्रतिमा करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करा, नाहीतर मूळ फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या. उलट बाजूने, एआयचा मजकूर युनिकोडमध्ये येतो, म्हणून टायपिस्टचं मशीनही आता युनिकोडवर आणलेलं बरं.

जमिनीच्या कागदांत अंक मारतात. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यात १ आणि ९, ५ आणि ४ यांची अदलाबदल ओसीआरमध्ये नेहमीची. गट नंबर चुकला तर पुढचं सगळं दुसऱ्याच्या जमिनीवर जातं. क्षेत्र १.२०.५० असं हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. एआय कधी त्याला तारीख समजतं, कधी दशांश. जुन्या फेरफारात हिस्सा आणे-पैमध्ये असतो. ५ आणे ४ पै म्हणजे एक तृतीयांश, पण यंत्राने त्याचे ५.४ टक्के केले तर वारसाचा हिस्सा कुठच्या कुठे. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर हे न समजता त्याला माणसाच्या नावाचा भाग धरतं, आणि एकत्र कुटुंबाची मिळकत उताऱ्यात एकट्याची होऊन बसते. टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकी हक्काच्या शोधात, म्हणून एआयकडून फक्त फेरफारांची साखळी लावून घ्या आणि कुठला दुवा गहाळ आहे ते विचारा. गट, क्षेत्र आणि हिस्सा हे तीन रकाने माणसानेच मूळ उताऱ्यावरून भरायचे.

मुदतींचं गणितही त्याच्यावर सोडू नका. उदाहरण घ्या. चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस २० जानेवारीला बजावली गेली. पैसे द्यायचे पंधरा दिवस ४ फेब्रुवारीला संपले, तक्रारीचं कारण ५ फेब्रुवारीला उद्भवलं. तिथून तक्रार करायला एक महिना. तो कॅलेंडरचा महिना, तीस दिवस नव्हेत. ५ फेब्रुवारी वगळून शेवटचा दिवस ५ मार्च. एआयने महिन्याचे तीस दिवस धरले की उत्तर येतं ७ मार्च, म्हणजे दोन दिवस उशीर आणि विलंबमाफीचा नाहक अर्ज. नोटिशीच्या तीस दिवसांतही तोच घोळ: ते रिटर्न मेमोच्या (चेक परत आल्याच्या बँकेच्या चिठ्ठीच्या) तारखेपासून मोजतं, कायदा मोजतो बँकेकडून माहिती मिळाल्यापासून. सूत्र घातलेली एक्सेल शीट हे काम दरवेळी बरोबर करते. एआयकडून नोटिशीचा मसुदा घ्या, तारखा शीटवरून टाका.

उलटतपासाच्या तयारीत ते मला सर्वांत उपयोगी वाटतं. पोलिसांसमोरचा जबाब, सरतपासाचं शपथपत्र आणि आधीच्या दाव्यातली कैफियत समोर ठेवून विसंगती आणि वगळलेल्या गोष्टी वेगळ्या काढायला सांगा, प्रत्येकीपुढे दोन्हीकडचे मूळ शब्द. यादी भरपूर मोठी येते. त्यातल्या बऱ्याच विसंगती फुसक्या असतात: एकीकडे 'संध्याकाळी', दुसरीकडे 'साडेसहाला'. कुठली साक्षीदारासमोर ठेवायची आणि कुठली ठेवल्यास साक्षीदार खुलासा करून मोकळा होईल, हे वकिलाने ठरवायचं. यंत्राने लिहिलेले तयार प्रश्न घेऊन उभं राहू नका. ते 'का' आणि 'कसं' विचारतं, आणि उलटतपासात तो प्रश्न म्हणजे साक्षीदाराला भाषणाचं आमंत्रण.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. खाली कामकाज मराठीत, वर इंग्रजीत. त्यामुळे भाषांतराचा ढीग आता मुंबईच्या वकिलाकडे न जाता तुमच्याच टेबलावर येतो. एआयचा मसुदा इथे मोठा वेळ वाचवतो, मात्र आधी ऑफिसचा शब्दकोश करा. साठेखत, हक्कसोडपत्र, कैफियत, दरखास्त, निशाणी, वहिवाट, तूर्तातूर्त मनाई अशा साठ-सत्तर शब्दांना ठरलेले इंग्रजी पर्याय लिहून तो तक्ता दर वेळी सोबत द्या. नाही दिला तर दरखास्त एका पानावर अर्ज होते, दुसऱ्यावर अंमलबजावणीची याचिका. दुसरी खोड म्हणजे ते भाषा सुधारतं. साक्षीदाराचं अडखळतं, अर्धवट वाक्य इंग्रजीत नेटकं होऊन बसतं, आणि अपिलात नेमकं तेच अडखळणं दाखवायचं असतं. 'वाक्य दुरुस्त करू नकोस, अस्पष्ट असेल तर अस्पष्ट ठेव' हे लिहावंच लागतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पक्षकाराची तेलुगू पत्रं, अक्कलकोटकडची कन्नड किंवा उर्दू चिठ्ठी, हे स्वतःला समजून घेण्यापुरतं एआयमधून वाचायला हरकत नाही. पुराव्यात द्यायचं तर भाषा जाणणाऱ्या माणसाचं भाषांतर आणि त्याचं शपथपत्र लागणारच. तसंच पक्षकाराने आणलेल्या ध्वनिफितीची मूळ फाइल 'साफ' करायला कुठल्याही एआय साधनात टाकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, द्यावी लागते. बदललेल्या फाइलीची हॅश वेगळी येते आणि आक्षेप घेणाऱ्याला आयतं कारण मिळतं. मूळ फाइल बाजूला, हॅश काढून. ऐकण्यासाठी प्रत वेगळी.

गोपनीयतेकडे येऊ. त्याच भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली पक्षकाराने सांगितलेलं जपणं वकिलावर बंधनकारक आहे, आणि हे बंधन कागद सर्व्हरवर टाकणाऱ्या कारकुनापर्यंत पोहोचतं. गळती कुठून होते ते ओळखा: महागड्या सॉफ्टवेअरमधून नव्हे, तर ज्युनिअरच्या फोनमधून. पक्षकार व्हॉट्सअॅपवर कागदाचे फोटो टाकतो, ज्युनिअर तेच फुकटच्या अॅपमध्ये टाकून 'याचा अर्थ सांग' म्हणतो. फुकटच्या आणि वैयक्तिक खात्यांत संभाषण प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं, ती सेटिंग स्वतः बंद करावी लागते. व्यावसायिक योजनांमध्ये सहसा मुळातच वापरत नाहीत. म्हणून बंदी घालण्यापेक्षा ऑफिसचं पैसे भरलेलं व्यावसायिक खातं द्या. नुसत्या बंदीने वापर थांबत नाही, लपतो.

कागद टाकण्यापूर्वी नावांच्या जागी 'वादी क्र. १', 'साक्षीदार २' अशी खूण करा आणि कोण कोण याची किल्ली वेगळ्या कागदावर ठेवा. आधार, पॅन, खाते क्रमांक, मोबाइल झाकायचे. पीडीएफवर काळा चौकोन ओढून नव्हे, कारण खालचा मजकूर तसाच राहतो. झाकून प्रतिमा करा. पोक्सो, लैंगिक गुन्हे आणि कौटुंबिक न्यायालयातली प्रकरणं बाहेरच्या एआयमध्ये अजिबात नकोत. नाव काढलं तरी गाव आणि घटनेवरून मूल ओळखू येतं.

पतसंस्थेसाठी पहिला सल्ला एआय न वापरण्याचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ च्या वसुलीत मजकूर तोच, बदलतात फक्त नाव, रक्कम, व्याज, जामीनदार. हे मेल मर्जचं, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली नावं-रकमा आपोआप भरण्याचं काम. एआयला दोनशे नोटिसा लिहायला दिल्यात तर एकशे सदतिसाव्या नोटिशीत दुसऱ्याचा जामीनदार येणार नाही याची हमी नाही. एआय वापरायचं ते कर्जदारांच्या उत्तरांची वर्गवारी करायला: रक्कम अमान्य, सही अमान्य, तडजोड हवी, मुदतीचा आक्षेप. सभासदांची माहिती संस्थेची आहे हे विसरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संचालक मंडळाची लेखी परवानगी आत्ताच घेऊन ठेवा.

निर्यातदाराचं काम वेगळं. परदेशी खरेदीदाराची परचेस ऑर्डर वीस-पंचवीस पानांची, आणि ती सही होऊन गेल्यावर वकिलाकडे येते. त्यांच्यासाठी एक तक्ता बनवा: पैसे मिळण्याची मुदत, उशिराची कपात, तपासणीत माल नापास झाल्यास काय, लवाद कुठे, कोणत्या देशाचा कायदा. प्रत्येक अटीपुढे 'चालेल', 'बोलून बघू', 'नको'. एआय नवी ऑर्डर या तक्त्याशी ताडून देतं, आणि हे काम ते चांगलं करतं. दोन ठिकाणी चुकतं. कागदात जे आहे ते दाखवतं, जे नाही ते सांगत नाही. म्हणून तक्त्यात 'ही अट नसेल तर कळव' असं प्रत्येक ओळीला लिहा. दुसरं, ऑर्डरमध्ये एक ओळ असते की खरेदीदाराच्या संकेतस्थळावरचं व्हेंडर मॅन्युअल (पुरवठादारांसाठीची नियमपुस्तिका) या कराराचा भाग समजावं. कपातीचे खरे दर त्या मॅन्युअलमध्ये असतात आणि एआयने ते पाहिलेलंच नसतं. ते उतरवून घेऊन सोबत द्या.

हाच निर्यातदार सूत घेताना खरेदीदार असतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. एआय करारात सर्रास ६० किंवा ९० दिवस घालतं, कारण जगभरातल्या नमुन्यांत तसंच असतं. ती ओळ दर करारात हाताने तपासा.

खर्च. मुंबई-दिल्लीच्या बड्या फर्मनी हार्वीसारखी खास वकिलांसाठीची एआय साधनं घेतली म्हणून तिकडे बघू नका. ते शेकडो वकिलांच्या फर्मचं गणित आहे. तुम्हाला एक चांगला स्कॅनर, आहे तो निवाड्यांचा डेटाबेस आणि एआयची व्यावसायिक योजना पुरे. पैसे भरलेल्या वैयक्तिक खात्याला सहसा महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात, व्यावसायिक योजनेत माणसागणिक हिशेब असतो. आधी दोनच जागा घ्या: एक मसुदे करणाऱ्याला, एक तपासणाऱ्याला. वर्षभराची वर्गणी सवलतीत मिळते म्हणून भरू नका, ही साधनं सहा महिन्यांत बदलतात. पहिले तीन महिने फक्त तारखांचा तक्ता आणि भाषांतर, तेही निकाल लागलेल्या जुन्या फाइलींवर, म्हणजे उत्तर आधीच माहीत असेल. सापडलेली प्रत्येक चूक वहीत लिहा: कोणता कागद, काय चुकलं, सूचना काय होती. चालू फाइलीला हात लावायचा तो ती वही वाचून सूचना दुरुस्त केल्यावर.